दुसऱ्या गठ्ठ्यातला अर्ज

“हे बाहेरचं. तिकडच्या गठ्ठ्यात टाक, बेटा.”

काकूंनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी तो उचलला. कोपऱ्यात चिकटवलेल्या फोटोत माझी आई होती. टेबलाच्या पलीकडे, फोटोपासून दोन हातांवर, तीच आई उभी होती. लग्नकार्याला नेसायची जांभळी साडी, तेल लावून घट्ट बांधलेले केस, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी.

“अक्षर मात्र सुरेख आहे,” काकू म्हणाल्या. “कोणाकडून लिहून घेतलं, बाई?”

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“बाजूच्या एका पोरीकडून, मॅडम.”

काकू माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चहा घेणार का, असं विचारावं तशा सुरात म्हणाल्या, “येतात तिकडून, इथं पोरं वाढवतात, आणि मग आपल्या बायकांच्या वाट्याचं मागायला रांगेत सगळ्यांत पुढे. यांना धड मराठीही कळत नाही.”

आईला मराठी कळतं. आपण म्हणजे कोण आणि त्या म्हणजे कोण, तेही कळतं. ती पिशवीची गाठ मारत राहिली. मग मला म्हणाली, “मॅडम, झेरॉक्सा वापस भेटन का?”

मला म्हणाली. मॅडम.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाही सांगता आलं नसतं. अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात टाकला आणि पुढच्या बाईसाठी हात पुढे केला.

ते अक्षर माझं होतं.

मी त्या टेबलापाशी कशी पोचले ते सांगते. काकू म्हणजे ऋचाची आई. ऋचा माझ्या वर्गातली. प्रताप नगरच्या ज्या इंग्रजी शाळेत ती फी भरून शिकली, तिथे मी बिनफीच्या राखीव जागेवर शिकले. पाच वर्षांच्या मुलीला शाळेत घ्यायला तेव्हा बस्तीतल्या खोलीचा भाडेकरार पुरला होता. पालकसभेला बाबा यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसायचे आणि एक शब्द न बोलता परत जायचे. आईला मी कधी नेलं नाही. कामाचा खाडा होईल, असं मी तिला सांगायचे. तिनं कधी उलट विचारलं नाही.

मी बोलत नसे. न बोलणाऱ्या मुलीला लोक घरंदाज समजतात, हे मला फार लवकर कळलं. माझं मराठी पुस्तकातलं होतं, इंग्रजी शाळेतलं. घरची बोली मी उंबऱ्याच्या आत ठेवून यायचे. ऋचा माझ्या घरी कधी आली नाही, कारण मी कधी बोलावलं नाही. मी तिच्या घरी दोनदा गेले, वाढदिवसाला. कुठे राहतेस, असं काकूंनी विचारल्यावर मी जवळच, असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

यंदा बायकांना दरमहा मदत देण्याच्या सरकारी योजनेचे अर्ज सुरू झाले आणि काकूंच्या ओळखीतल्या लोकांनी समाजभवनाच्या वरच्या हॉलमध्ये शिबिर लावलं. ऋचा शिकायला पुण्याला गेलेली. काकूंना कोणीतरी नीट वाचणारं, भराभर लिहिणारं हवं होतं. त्यांनी मला फोन केला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. कोणाला तरी माझी आठवण झाली होती.

काम सोपं होतं. बाई येणार, काकू कागद बघणार. इथल्या रहिवासाचा जुना पुरावा असेल तर अर्ज पहिल्या गठ्ठ्यात. मी त्याचा नंबर रजिस्टरमध्ये चढवायचा, पोच फाडून बाईच्या हातात द्यायची. पुरावा नसेल तर दुसरा गठ्ठा. त्याला नंबर नाही. पोच नाही. “बघू,” एवढंच सांगायचं.

पहिल्याच सकाळी मध्य प्रदेशातून, छिंदवाड्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी आली. तिचा स्वतःचा एकही कागद इथला नव्हता, पण नवऱ्याचे होते, आणि नियमात ते चालत होतं. काकूंनी तिला बसायला खुर्ची दिली. “माझंही माहेर तिकडचंच गं,” त्या हसून म्हणाल्या. “लग्न करून आली म्हणजे आपलीच झाली.” मी तो अर्ज पहिल्या गठ्ठ्यात ठेवला.

लग्नासाठी आलेली आपली. कामासाठी आलेली बाहेरची. हे मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं आणि नंबर चढवला.

माझी आई कामासाठी आली. छत्तीसगडमधल्या गावातून, बाबांच्या मागे, मी जन्मायच्याही आधी. बाबा मिस्त्री, आई रेजा. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. सकाळी ठिय्यावर उभं राहायचं, ठेकेदार बोट दाखवेल तिनं टेम्पोत चढायचं. या भागातल्या किती इमारतींवर तिनं माल चढवला, ते तिलाही आठवत नाही. पण समाजभवन तिला आठवतं. त्या जिन्याचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, चुकलं होतं. चौथी पायरी चार बोटं उंच झाली. ठेकेदाराला काम संध्याकाळच्या आत संपवायचं होतं, तशीच भरून टाकली. नंतर वरच्या मजल्याचा सगळा माल आईनं त्याच जिन्यानं डोक्यावरून नेला.

त्या पायरीवर सगळेच अडखळतात. काकू येता-जाता अडखळायच्या, आणि दर वेळी म्हणायच्या, “कोणत्या मूर्खांनी बांधलाय हा जिना.” मीही अडखळायचे. आई अर्ज घेऊन वर आली तेव्हा मी दारातून पाहत होते. चौथ्या पायरीपाशी तिचा पाय आपोआप जास्त उचलला गेला. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

आता तिचा गुडघा गेला आहे. घमेलं घेऊन शिडी चढता येत नाही, म्हणून ठिय्यावर तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. कधीतरी नव्या स्लॅबवर पाणी मारायचं काम मिळतं, तेवढंच. बाबा आठवडाभर कळमेश्वरला, कारखान्याच्या शेडवर असतात. शिबिराच्या आदल्या दिवशी आईनं पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि फॉर्म भरून दे म्हणाली. माझ्या नावानं काही येईल, असं म्हणाली. आजवर तिच्या नावानं काहीच आलेलं नव्हतं. साधं पत्रही नाही.

मी नीट भरला. एकही खाडाखोड नाही. कायमचा पत्ता, असा रकाना आला. मी तिला विचारलं. तिनं गावाचं नाव सांगितलं.

आमच्या बस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा, ती गावाचंच नाव सांगेल. वीस-पंचवीस वर्षं झाली तरी. तिथे आता घर पडलेलं असेल, दीर ओळख देत नसेल, तरी कायमचं म्हटलं की गाव. त्यांच्या लेखी हे राहण्याबद्दल नसतंच. आपण कोणाच्या, एवढंच त्या सांगत असतात. पाहणीला येणारा कर्मचारी कुठले तुम्ही म्हणून विचारतो, त्या अभिमानानं गाव सांगतात, आणि तो बाहेरचे म्हणून लिहून जातो. जुनं रेशन कार्डही तिकडेच, काकाच्या घरच्या कार्डावर नाव. मतदार कार्ड मात्र इथलं. निवडणुकीच्या आधी बस्तीत घरोघर येऊन लोकांनी ते काढून दिलं होतं. मत देण्यापुरतं इथलं असायला काही अडचण नव्हती. पण या योजनेला कार्ड जेवढं जुनं लागत होतं, तेवढं ते जुनं नव्हतं.

आणि मी, इतकी शिकलेली, त्या रकान्यात गावाचं नाव सुरेख अक्षरात लिहिलं. आई म्हणाली ते खरं होतं, म्हणून लिहिलं. रजिस्टरच्या टेबलावर बसणार होते, तरी लिहिलं.

त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. रागावेल. मी आल्या आल्या हातपाय धुवायला गेले आणि बराच वेळ मोरीतच उभी राहिले. बाहेर आले तर तिनं ताट वाढलं होतं. आमच्या बोलीत मुलीला नोनी म्हणतात.

“बने बइठे रहेस नोनी,” ती म्हणाली, “पंखा तरी.”

चांगली बसली होतीस. पंख्याखाली.

एवढंच म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं. तिच्या आयुष्यात पंख्याखाली बसून कोणी काम केलं नव्हतं. मी जेवले. तिनं कशासाठी तरी मला माफ केलं होतं आणि मी माफी मागितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हे लिहायला नको वाटतं, पण गेले. काकूंना नाही कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

अकराच्या सुमारास आमच्या बस्तीतल्या बायका आल्या. पहिली आली ती शेजारची सुकवारा मावशी. लहानपणी आईला ताप आला की मी तिच्याकडेच जेवायचे. ती समोर उभी राहिली, कागद ठेवले. मी हसायला तोंड उघडलं. तिनं माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं.

“बाहेरचं,” काकू म्हणाल्या.

“ठीक हाय, मॅडम,” सुकवारा मावशी म्हणाली. माझ्याकडे वळून. आणि गेली.

मग दुसरी. मग तिसरी. मी सगळ्यांना ओळखत होते. कोणाच्या घरी टीव्ही बघायला जायचे, कोणाच्या मुलीला अभ्यास शिकवायचे. एकीनंही ओळख दिली नाही. प्रत्येकीनं मॅडम म्हटलं. चौथ्या बाईच्या वेळी माझ्या लक्षात आलं. आईनं बस्तीत घरोघर जाऊन सांगितलं होतं. पोरगी तिथं बसली आहे, तिला ओळखू नका. तिची खुर्ची जाईल.

एवढ्या बायकांनी मिळून मला अनोळखी केलं होतं. माझ्यासाठी. हॉलमध्ये शंभर माणसं होती आणि मला वाटलं, या क्षणी मला हाक मारणारं कोणी नाही. काकू ज्या नावानं हाक मारतात ती मुलगी मी नाही, आणि जी मी आहे तिला हाक मारायची नाही, असं ठरलेलं आहे. मी ते वर्षानुवर्षं मागितलं होतं. न बोलता मागितलं होतं. ते मला मिळालं.

जेवणाच्या सुट्टीत काकूंनी डब्यातली पोळी माझ्यापुढे केली. मी नको म्हटलं. दुसऱ्या गठ्ठ्यातला सगळ्यांत वरचा अर्ज घेऊन उलटा केला. शाळेत शिकवलं होतं, प्रश्नपत्रिका हातात आली की सूचना आधी वाचा. मी दोन दिवस सूचना वाचल्याच नव्हत्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं. प्रत्येक अर्जाची नोंद घ्यावी. प्रत्येक अर्जदाराला पोच द्यावी. अर्ज अपात्र ठरल्यास कारण लेखी कळवावं.

म्हणजे दुसरा गठ्ठा असा काही नव्हताच. तो इथे, या टेबलावर तयार झाला होता. त्यातल्या बायकांना कोणी नाकारलं नव्हतं. त्यांनी अर्ज केला, हेच कुठे लिहिलेलं नव्हतं.

सुट्टी संपली. रांगेत पुढे फुलबाई होती. आईच्याच वयाची, आईबरोबरच ठिय्यावर उभी राहणारी, तोंडानं फटकळ. हॉलभर पंखा एकच, तोही टेबलावर. ती आल्या आल्या म्हणाली, “काहून वं मॅडम, घाम फॉर्माले येते का माणसाले?” रांगेतल्या बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी तिचे कागद चाळले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी तो धरून ठेवला.

“काकू, हे रजिस्टरमध्ये चढवते.”

“ते कशाला? ते बादच होणार आहेत.”

“पोच द्यावी लागते. मागे लिहिलंय.”

काकू हसल्या. “अगं, पोच दिली की या रोज विचारायला येतील. तू कर तुझं काम.”

माझा आवाज फार बारीक आहे. वर्गात हजेरीलाही तो ऐकू जात नसे. मी गठ्ठ्यातून आईचा अर्ज काढला. तो काकूंसमोर टेबलावर ठेवला.

“हा माझ्या आईचा आहे,” मी म्हटलं.

“चूप बस वं पोरी,” फुलबाई दबक्या आवाजात म्हणाली. दोन दिवसांत मला पहिल्यांदा कोणी पोरी म्हटलं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. त्यांना कळायला वेळ लागला. त्या वाईट बाई नाहीत. त्यांचा चेहरा खरंच उतरला.

“आधी नाही का सांगायचं? मी काय परकी आहे?” त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली केला. “हा फाडून टाक. नवीन फॉर्म घे, कायमचा पत्ता इथला लिही. रहिवासाच्या दाखल्याचं मी बघते, ओळखीनं होऊन जाईल. तुझ्या आईचं काम होईल. फक्त बाहेर बोलू नकोस.”

मी तेव्हा काय विचार केला ते खरं सांगते. मला आईचा गुडघा दिसला. सकाळी उठताना ती भिंतीला धरते, तो हात दिसला. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. ते माझ्या तोंडात आलेलंही होतं.

“आणि बाकीच्यांचं?” मी विचारलं.

“बाकीच्या तुझ्या कोण लागतात?”

फुलबाई भिंतीकडे बघत होती. अजूनही मला न ओळखायचा प्रयत्न करत होती.

“काकू,” मी म्हटलं, “ऋचा कुठे जन्मली?”

मला ते माहीत होतं. ऋचानं वाढदिवसाला सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून काकू छिंदवाड्याला गेल्या होत्या. माझी आईसुद्धा पहिल्या बाळंतपणाला माहेरीच गेली. माझा जन्मदाखला तिकडचा, ऋचाचाही तिकडचा. रीत एकच. विचारतात मात्र मलाच.

“त्याचा इथं काय संबंध?” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

“सगळ्यांची पोच द्या.”

“ऊठ मग खुर्चीवरून.”

मी उठले. दुसरा गठ्ठा उचलला. त्यांना अर्ज नोंदवायचे नव्हते, तर ते ठेवून घ्यायचाही त्यांना अधिकार नव्हता. काकूंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. हॉलच्या दारात उभी राहून मी एकेक नाव वाचलं. सगळ्यांना मी आजवर मावशी, काकी म्हणत आले. पुष्कळांची पूर्ण नावं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. ज्या जिन्यावर, अंगणात थांबल्या होत्या त्या येऊन आपापला अर्ज घेऊन गेल्या. घरी गेलेल्यांचे मी छातीशी धरले.

उतरताना चौथ्या पायरीवर अडखळले. माझे पाय काकूंसारखेच शिकले होते. मी तिथेच बसले, पिशवीतून पेन काढलं आणि अर्जांची यादी लिहायला घेतली.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी अकरा जणींना घेऊन मी सरकारी कचेरीत गेले. बाबूनं अर्ज घ्यायला नकार दिला. मी मागची सूचना वाचून दाखवली. तो म्हणाला, शिकवू नको. आम्ही बसून राहिलो. चार वाजता त्यानं नोंद केली आणि अकरा पोचपावत्या दिल्या. महिन्याभरानं अकरा उत्तरं आली. रहिवासाचा पुरावा अपुरा, अपात्र. आईच्या नावानं आलेलं हे पहिलं पत्र.

काकूंचा फोन पुन्हा आला नाही. ऋचानं मला वर्गातल्या मुलींच्या ग्रुपमधून काढून टाकलं, हे फोनवरच कळलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, खुर्ची काहून सोडली. तिनं मला त्या खुर्चीपर्यंत पोचवायला गुडघा झिजवला होता.

ते पत्र तिनं प्लास्टिकच्या पिशवीत, सगळ्या कागदांच्या वर ठेवलं आहे. मी त्यावर अपील लिहिलं आहे. बस्तीतल्या बाकीच्या दहा जणींचंही. संध्याकाळी आमच्या दारासमोर बायका बसतात, मी लिहिते. फुलबाई अजून मला मॅडम म्हणते, पण आता चिडवायला. मला हसू येत नाही. आतून कुठेतरी मी अजून त्या हॉलमध्येच आहे, समोरून एकेक बाई जाते आहे, आणि मला कोणी ओळखत नाही.

पुढच्या महिन्यात मला माझ्या स्वतःच्या अधिवासाच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा आहे. पुन्हा तेच रकाने येतील. जन्मठिकाणी मी गावाचं नाव लिहीन. कायमच्या पत्त्यात बस्तीतली खोली लिहीन. आईचा व्यवसाय विचारला, तर शाळेत लिहायचे तसं गृहिणी लिहिणार नाही. रेजा लिहीन. पुरावा विचारला, तर समाजभवनाच्या जिन्याची चौथी पायरी मोजून या, असं सांगेन. तो पुरावा चालणार नाही, मला माहीत आहे. तरी सांगेन, आणि लिहून घ्यायला लावीन.

नाकारायचं असेल तर नाकारा. पण नोंद करा. नंबर घाला, कारण लिहा, खाली सही करा. आणि वर नाव पूर्ण लिहा. माझ्या आईचं नाव सुखमती आहे.